पंपाच्या दुकानात हेन्री पेट्रोस्की: नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलीनं कॉलेजच्या ग्रंथालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं, दोन-चार पानं वाचली आणि टेबलावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी ते चाळायला घेतलं. आता आषाढ चालू आहे. एवढ्या काळात त्या एकाच लेखकाची चार पुस्तकं माझी पुरी वाचून झाली, पाचवं निम्म्यावर आलंय, आणि काउंटरच्या खणात पावतीपुस्तकाशेजारी त्यांची जागा ठरून गेली आहे. लेखकाचं नाव हेन्री पेट्रोस्की. पंप घेतला की लोक एक उन्हाळा, एक पावसाळा वापरतात आणि मग सांगतात कसा आहे ते. लेखकाबद्दलही तसंच सांगावं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते, म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. सांगलीत मारुती चौकाच्या पुढं आमचं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही. रिवाइंडिंग, सबमर्सिबल, मोनोब्लॉक, स्टार्टर, द्राक्षबागेच्या फवारणीचे पंप, जे येईल ते. वाचनाची आवड होती, पण कामाचं वाचन आणि आवडीचं वाचन असे दोन कप्पे होते. या माणसानं ते एक केले.

पेट्रोस्कींचा जन्म १९४२ साली न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. शिक्षणानं इंजिनिअर. तडा कसा जातो आणि कसा वाढत जातो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९८० पासून ते ड्यूक विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत होते, पुढं तिथंच इतिहासाचेही प्राध्यापक झाले. 'टू इंजिनिअर इज ह्यूमन' हे त्यांचं पहिलं पुस्तक १९८५ चं. 'अमेरिकन सायंटिस्ट' या नियतकालिकात १९९१ पासून ते इंजिनिअरिंगवर सदर लिहीत, आणि त्यांचे पुष्कळसे निबंध त्यातून आले आहेत. १४ जून २०२३ ला ते गेले. मी वाचायला घेतलं तेव्हा ते नव्हतेच. नाहीतर मी त्यांना पत्र लिहिलं असतं, हे अगदी मनापासून सांगते.

मला पहिल्यांदा धरून ठेवलं ते एका खेळण्यानं. त्यांच्या मुलाकडं स्पेलिंग शिकवणारं एक इलेक्ट्रॉनिक खेळणं होतं, स्पीक अँड स्पेल नावाचं. अक्षरांच्या प्लॅस्टिकच्या कळा दाबायच्या. वापरून वापरून त्यातली एक कळ तुटली आणि ती होती 'ई' या अक्षराची. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा येणारं अक्षर तेच. मग एकेक करून बाकीच्याही तुटू लागल्या, साधारण ज्या अक्षराला जास्त काम त्या क्रमानं. पुन्हा पुन्हा वाकल्यानं पदार्थ थकतो आणि एक दिवस तुटतो, हे मी डिप्लोमाला आलेखावर शिकले होते, परीक्षेपुरतं. इथं एक बाप मुलाचं मोडकं खेळणं हातात घेऊन तेच समजावत होता आणि मला ते पहिल्यांदा समजत होतं.

मी पुस्तक खाली ठेवलं आणि काउंटरवरचा कॅल्क्युलेटर बघितला. शून्याची कळ पार पांढरी झालेली. त्याखालोखाल पाच. सात आणि नऊ जवळजवळ नव्यासारखे. आमचे सगळे दर शून्यावर नाहीतर पाचावर संपतात, तेही छापल्यासारखं समोर दिसलं. तो कॅल्क्युलेटर सहा वर्षं माझ्या हाताखाली आहे.

त्यांची सगळी पुस्तकं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात: वस्तूला आजचा आकार मिळाला तो कालच्या वस्तूनं दिलेल्या त्रासामुळं. 'द इव्होल्यूशन ऑफ यूजफुल थिंग्ज' (१९९२) मध्ये ते काटाचमचा, टाचणी, कागदाची क्लिप, झिप, पत्र्याचा डबा अशा वस्तू घेतात आणि प्रत्येकीच्या मागं कुठली कुरकुर होती ते शोधत जातात. काट्याला आधी दोनच दाते होते. मांस धरून ठेवायला ते बरे, पण उचलायला गेलं की घास मधून पडायचा. मग तीन झाले, चार झाले. काम असतं म्हणून आकार येतो असं आपण शिकतो. ते म्हणतात, काम तर आधीच्या वस्तूनंही होत होतं, अडत होतं कुठं ते बघा.

काट्याचमच्याचं प्रकरण वाचताना पहिल्यांदा जरा लांबचं वाटलं. आपण हातानं जेवणारी माणसं. पण त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात विळी पुढ्यात घेतली आणि हात थांबला. माझ्या विळीला बिजागरी आहे, पातं दुमडून पाटात बसतं. आजीच्या विळीला ती नव्हती. पातं कायम उभं. त्यामुळं आजीचा दंडक होता: काम झालं की विळी आडवी करून दाराआड ठेवायची. उभी दिसली की घर डोक्यावर घ्यायची. आम्ही त्याला आजीची शिस्त समजत होतो. खरं तर विळीची खोड आजीचा आवाज सांभाळत होता. बिजागरी आली आणि दंडक आपोआप गेला. माझ्या मुलीला मी असं काही कधी बजावल्याचं आठवत नाही.

हे पेट्रोस्कींनी कुठं लिहिलेलं नाही, हे मला सुचलं. पण ते वाचल्याशिवाय सुचलं नसतं. घरात, दुकानात, रानात जिथं जिथं एखादी गोष्ट माणसाला पुन्हा पुन्हा बजावावी लागते, तिथं वस्तूत काहीतरी राहून गेलेलं असतं. आमच्याच दुकानात बघा. अण्णा चाळीस वर्षं प्रत्येक शेतकऱ्याला सांगत आले, "आधी तीन फेज आल्यात का बघ, मगच बटन दाब." मोटारीला वीज तीन तारांतून येते, त्यातली प्रत्येक म्हणजे एक फेज. लोक विसरायचे. रात्री दोनला लाइट येते, झोपेत माणूस जाऊन बटन दाबतो, एक फेज गेलेला असतो, मोटार गुंगुं करते आणि जळते. मग सिंगल फेज प्रिव्हेंटर आला, फेज गेला की तोच सप्लाय तोडतो. अण्णांचं ते वाक्य आता महिन्यातून एखाददुसऱ्या वेळेलाच ऐकू येतं.

डिसेंबरात मी एक वही घातली. दोनशे पानी, साधी. रकाने चार: काय आलं, काय गेलंय, त्याआधी काय कुरकुर होती, आणि गिऱ्हाइकानं घरी काय उपाय करून बघितला होता. पहिले दोन रकाने आम्ही पावतीवर लिहीतच होतो. तिसरा आणि चौथा कधी विचारलाच नव्हता. अण्णा म्हणाले, "पुस्तकातनं मोटारी दुरुस्त व्हायला लागल्या व्हय आता?" मी काही बोलले नाही, लिहीत राहिले.

चौथा रकाना उघडला आणि केवढं काय काय निघालं! स्टार्टरच्या, म्हणजे मोटार चालू-बंद करायच्या पेटीत पाल शिरून कॉन्टॅक्टमध्ये अडकते, मुंग्या वारूळ करतात, म्हणून लोक आत डांबरगोळ्या टाकतात. केबलवर सायकलची जुनी ट्यूब चढवतात. कुणी पेटीवर खताची पिशवी उलटी घालून सुतळीनं आवळतो, मग आत घाम धरतो आणि गंज चढतो. एका मावशींनी पेटीच्या दाराला आतून पोत्याची झालर शिवली होती, नीट, टाके मोजून घ्यावेत अशी. सहा महिन्यांची पानं एका रविवारी बसून बघितली. सगळ्यांत जास्त नोंदी मोटारीच्या निघाल्याच नाहीत. पेटीत केबल जिथून शिरते त्या भोकाच्या निघाल्या. पाल तिथूनच जाते, मुंगी तिथूनच, पावसाचं पाणीही केबलवरून ओघळत तिथूनच.

तेव्हापासून आमच्याकडून जाणारी प्रत्येक पेटी मी खालून केबल घेऊन देते, भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारी कडी, बसवते आणि केबलला पेटीच्या खाली झोल ठेवते, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशीच ठिबकून जातं. यात नवा शोध कसलाच नाही. पण आधी मी जळालेली कॉइल बदलून देत होते आणि भोक तसंच परत पाठवत होते, हे खरं.

आता जे खटकलं तेही सांगते. हा लेखक पुनरुक्ती फार करतो. स्कॉटलंडातल्या टे नदीवरचा पूल, कॅनडातला क्वेबेकचा पूल, अमेरिकेतला टॅकोमाचा पूल, ही पडलेल्या पुलांची मंडळी एका पुस्तकातून दुसऱ्यात येतात, तिसऱ्यातही भेटतात. 'द पेन्सिल' (१९९०) चारशेवर पानांचं आहे. त्यातली ग्राफाइटची गोष्ट फार सुंदर: इंग्लंडातल्या बॉरोडेलचं ग्राफाइट युद्धामुळं फ्रान्सला मिळेना, तेव्हा १७९५ साली निकोला-जाक कोंते यांनी ग्राफाइटची भुकटी मातीत मिसळून भाजली, आणि मातीचं प्रमाण बदलून पेन्सिल मऊ-कडक करता येऊ लागली. अडचणीतून निघालेला तो उपाय आजही आपल्या मुलांच्या कंपासपेटीत आहे. पण पुढं कारखान्यांचा इतिहास लांबत जातो. ती पानं मी भराभर उलटली आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

दुसरी तक्रार जास्त खोलवरची आहे. त्यांच्या गोष्टींत वस्तू सुधारणारा माणूस बहुतेक वेळा पेटंट घेणारा असतो. नाव, साल, नंबर, चित्र, सगळं नोंदलेलं. माझ्या वहीतल्या झालरवाल्या मावशी त्या इतिहासात कुठं बसणार? वस्तू वापरणारा माणूस दुरुस्त करता करता ती बदलत असतो, आणि आमच्याकडं तर वस्तूचं निम्मं आयुष्य दुरुस्तीनंतरचंच असतं. या बाजूला पेट्रोस्की फारसे वळत नाहीत. ते वळले असते तर फार चांगलं लिहिलं असतं असं मला वाटतं, कारण बारीक वस्तूबद्दल त्यांच्या मनात खरा आदर आहे.

भाषा म्हणाल तर मला जड गेली नाही. वाक्यं लांब असतात, पण गुंता नसतो. इंजिनिअर नसलेल्यानं 'यूजफुल थिंग्ज'पासून सुरुवात करावी, इंजिनिअर असलेल्यानं १९८५ च्या पुस्तकापासून. पुस्तकांच्या कपाटावरचं 'द बुक ऑन द बुकशेल्फ' (१९९९) नंतर कधीही.

सांगलीच्या माणसाला हा लेखक परका वाटू नये असं मला वाटतं. इथून पलूसकडं गेलं की किर्लोस्करवाडी. औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना वसवला. लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट आमच्या भागात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघायला लागलं. कारखान्याचं म्हणून सुरू झालेलं ते पुढं घराघरात वाचलं जाणारं मासिक झालं. अण्णांच्या आत्याकडं त्याचे जुने अंक ट्रंकेत होते. यंत्र आणि घर एकाच पानावर येऊ शकतात, हे आपल्या मातीत आधी झालेलं आहे. पेट्रोस्की वाचताना मला त्या ट्रंकेचा वास आठवला.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडं येते.

पुलांबद्दल ते एक निरीक्षण पुन्हा पुन्हा सांगतात. मूळ ते दोन संशोधकांचं, पण लोकांपर्यंत नेलं पेट्रोस्कींनी. इंग्लंडातला डी नदीवरचा पूल १८४७ मध्ये पडला, टेचा १८७९, क्वेबेकचा १९०७, टॅकोमाचा १९४०. मधलं अंतर दर वेळी साधारण तीस वर्षांचं. एक पिढी अपघातातून शिकते, जपून बांधते. पुढच्या पिढीला तो पूल यशस्वी म्हणूनच माहीत असतो, तो कशाच्या भीतीनं तसा बांधला ते माहीत नसतं. मग ती त्याला आणखी लांब, आणखी हलका करत जाते.

हे मी वाचलं ते मार्चमध्ये, दुकानात, आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसले. आमच्या भिंतीवर दोन खुणा आहेत. खालची २००५ च्या पुराची, कमरेएवढी. वरची २०१९ ची, माझ्या डोक्याच्या वर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २००५ नंतर अण्णांनी सगळा माल ठेवायला भिंतीत रॅक ठोकला होता, पुराच्या खुणेच्या वर दीड फूट, मोजून. चौदा वर्षं आम्ही निर्धास्त होतो. २०१९ ला तो रॅक दोन फूट पाण्याखाली गेला. तांब्याच्या तारेची रिळं, नवे स्टार्टर, गिऱ्हाइकांच्या दुरुस्त करून ठेवलेल्या मोटारी, सगळं चिखलात. अण्णा तेव्हा एवढंच म्हणाले, "मी मोजलं होतं गं." ते वाक्य मी कधी विसरले नाही. त्यांनी मागच्या पुराचं माप घेतलं होतं.

एप्रिलमध्ये आम्ही नवा रॅक करायचं ठरवलं. शेडच्या गर्डरला वरून टांगायचा, दोन माळ्यांचा, खालचा माळाच डोक्यावरून हात-दीड हात उंच. माल चढवायला चेनपुली. फॅब्रिकेटरला बोलावलं. मी कागदावर काढून दिलं: चार सळया, गर्डरपासून थेट खालच्या माळ्यापर्यंत अखंड, वरचा माळा मध्येच नटावर बसलेला. त्यानं कागद बघितला आणि मान हलवली.

"ताई, एवढ्या लांब सळईला खालपासून मधल्या नटापर्यंत आटे पाडत बसायचं? दोन तुकडे घालू की. गर्डरपासून वरच्या माळ्यापर्यंत एक सळई, वरच्या माळ्यापासून खालच्यापर्यंत दुसरी. सामान तेच, वजन तेच."

मला अंगावर काटा आला. हे मी वाचलेलं होतं. १७ जुलै १९८१, कॅन्सस सिटीतल्या एका मोठ्या हॉटेलचा हॉल. वरच्या मजल्यांना जोडणारे पादचारी पूल छताला सळयांनी टांगलेले, एकाच्या खाली एक. मूळ आराखड्यात सळई अखंड होती. बांधताना तिचे दोन तुकडे झाले, कारण लांब सळईला आटे पाडून नट मधोमध चढवणं गैरसोयीचं. हॉलमध्ये नाच चालू असताना दोन्ही पूल खाली आले. ११४ माणसं गेली. मूळचा जोडही नियमात सांगितलंय तेवढा भक्कम नव्हताच, त्यात या बदलानं वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला.

मी खडू घेऊन फरशीवर काढून दाखवलं. "दादा, विहिरीत दोर सोडलाय. दोन माणसं एकाच दोराला वर-खाली धरून लोंबकळतायत. प्रत्येकाच्या हाताला आपापलं वजन. आता खालच्यानं दोर सोडला आणि वरच्याचे पाय धरले. दोराला काही फरक पडला?"

"न्हाई. दोराला दोघांचं वजन तेवढंच."

"आणि वरच्याच्या हाताला?"

तो खडूच्या रेघेकडं बघत राहिला. मग उकिडवा बसला आणि वरच्या माळ्याच्या नटावर बोट ठेवलं. "म्हणजे या नटावर खालचा माळा बी बसला की."

पुढचा उपाय त्याचाच. आटे पाडायचा त्रास नको आणि नटावर दुप्पट भारही नको, तर प्रत्येक माळ्याला आपल्या आपल्या चार सळया. खालच्या माळ्याच्या सळया वरच्या माळ्याला भोक पाडून आरपार, त्याला न टेकता, थेट गर्डरला. आठ सळया झाल्या, थोडं लोखंड जास्त गेलं. हा जोड माझ्या कागदावरच्यापेक्षा सोपा आणि जास्त भरवशाचा होता. मी वहीच्या मागच्या पानावर त्याचं चित्र काढून ठेवलं आणि खाली त्याचं नाव लिहिलं.

नवा रॅकही शेवटी २०१९ चंच माप धरून केलेला आहे, हे मला माहीत आहे. त्याच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून खांबावर एक पाटी लावली आहे: आयर्विनला पस्तीस फूट झाले की टेम्पो सांगायचा, चाळीसला माल विश्रामबागेत मामांच्या घरी. पाटी लावावी लागते म्हणजे रॅकमध्ये काहीतरी राहून गेलेलं आहे. ते काय, हे शोधणं चालू आहे.

गेल्या मंगळवारी पाऊस धो धो कोसळत होता. भिलवडीकडचे एक काका स्टार्टर घेऊन आले. मी आत वाइंडिंगला बसले होते. काउंटरवर अण्णा. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग अण्णांचा आवाज: "बंद पडायच्या आधी काय करत होता ओ हा? तडतडत होता का?" काका काहीतरी सांगत होते. मी बाहेर डोकावले तर अण्णा चष्मा कपाळावर चढवून वहीत लिहीत होते, तिसऱ्या रकान्यात.